द्राक्षांच्या मागे हॉलंडपर्यंत

"शिकायला म्हणून गेलीस आणि गोदामं काय हिंडत बसलीस?" हॉलंडहून परत आल्यावर हा प्रश्न मला गावात निदान वीस जणांनी तरी विचारला असेल. त्यांचेही काही चुकले नाही. शिक्षण म्हणजे वर्ग, फळा, पुस्तके आणि शेवटी परीक्षा, हेच आपण पाहत आलो. मी रॉटरडॅमला आंतरराष्ट्रीय व्यापाराचा एका वर्षाचा अभ्यासक्रम केला, सप्टेंबर २०२३ पासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. त्यातले निम्मे शिक्षण वर्गाबाहेर झाले. दर पंधरवड्याला एक कंपनी, एखादे बंदर, बाजार किंवा बँक पाहायची. जाण्यापूर्वी त्या संस्थेचा छापील अहवाल वाचायचा आणि तेथे प्रत्येकाने एक तरी प्रश्न विचारायचा. जे अहवालात लिहिले आहे ते विचारले तर गुण कापले जात. शिवाय वसतिगृहात न राहता एखाद्या स्थानिक कुटुंबात राहावे, असा आमच्या गुरुजींचा आग्रह होता. ज्या लोकांशी व्यापार करायचा ते जेवतात कधी, बोलतात कसे आणि गप्प कधी बसतात, हे पुस्तकातून कळत नाही, असे ते म्हणत.

मी निघाले तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्या हातात एक कागद ठेवला. २०१० सालच्या हिशेबपट्टीची ती झेरॉक्स होती. मूळ कागद आमच्या पत्र्याच्या पेटीत, सात-बाराच्या उताऱ्याशेजारी, तेरा वर्षे जपून ठेवलेला. "तिकडं कोणी जाणता माणूस भेटला तर दाखव," एवढेच ते म्हणाले. या कागदाची हकीकत पुढे येईलच. आधी हॉलंडविषयी सांगते.

या देशाचे खरे नाव नेदरलँड्स, पण आपल्याकडे हॉलंडच रुळले आहे. आपल्या महाराष्ट्रात असे सात देश मावतील. सुमारे चौथा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. शिफोल विमानतळावर आपण उतरतो ती जागा म्हणजे पूर्वीचे एक मोठे सरोवर. १८५२ साली त्याचे पाणी पंपाने उपसून त्यांनी तळाची जमीन लागवडीला आणली. आपल्याकडे विहिरीला पाणी लागावे म्हणून नवस बोलतात, तर तेथे शेतातून पाणी बाहेर काढण्यासाठी शतकानुशतके पवनचक्क्या फिरत राहिल्या. सगळीकडे सपाट, हिरवे, आणि वर आभाळ सदा भरून आलेले. निफाडच्या उन्हात वाढलेल्या मला पहिले दोन महिने ऊन दिसले की अंगणात जाऊन उभे राहावेसे वाटे.

राहण्याची सोय झाली ती वेस्टलँड भागात. रॉटरडॅम आणि हेग या शहरांच्या मधला हा मुलूख म्हणजे मैलोगणती काचेची घरे. रात्री आतल्या दिव्यांनी आभाळ नारिंगी होते. माझी घरमालकीण सत्तरी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई. तिच्या नवऱ्याने हयातभर काचेखाली टोमॅटो पिकवले होते. मला नावाने हाक मार, असे तिने पहिल्याच दिवशी बजावले. आजीच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारणे माझ्या जिभेला जमेना. शेवटी मी तिला 'आजी' शब्दाचा अर्थ समजावून दिला, आणि वर्षभर ती आजीच राहिली.

या आजींच्या घरात मी जे शिकले त्याला गुण नव्हते, पण त्याचा उपयोग मात्र पुष्कळ झाला. दुपारी गार पाव आणि चीज, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला एकदाच गरम जेवण. सव्वासहाला पोचले तर ताट झाकून ठेवलेले असे, पण कोणी थांबलेले नसे. कॉफीबरोबर एक बिस्कीट द्यायचे आणि डबा बंद करून ठेवायचा. पहिल्यांदा मला राग आला. आपल्याकडे पाहुण्याला नको नको म्हणेपर्यंत वाढतात. पण दुसरे हवे असेल तर माग, असेही ती तितक्याच सहज म्हणे, आणि मागितले तर आनंदाने देई. मला मागता येत नव्हते, ही माझीच अडचण. घरातल्या शौचालयाच्या भिंतीवर सगळ्या नातेवाईकांच्या वाढदिवसांचे कॅलेंडर टांगलेले होते. तेथे म्हणे रोज सर्वांची नजर जातेच! ज्याचा वाढदिवस त्याचेच नव्हे तर त्याच्या आईचे, भावाचे, शेजाऱ्याचेही अभिनंदन करायचे, आणि सगळ्यांनी खुर्च्या गोल मांडून बसायचे.

पण सर्वांत अवघड गेले ते त्यांचे तोंडावर बोलणे. मी केलेली आमटी चाखून आजी म्हणाल्या, "मला आवडली नाही." बस्स. रुसवा नाही, सारवासारव नाही. आपण 'बघू', 'करू की', 'काही हरकत नाही' असे म्हणतो तेव्हा त्यात नकार असू शकतो, हे आपल्याला कळते. त्यांना ते कळत नाही. त्यांच्या लेखी 'हरकत नाही' म्हणजे माल ठरल्या दिवशी येणार. मार्चमधल्या एका भेटीत हा फरक मला फार उपयोगी पडला.

नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी मी आजींना आमच्या बागेचे फोटो दाखवत होते. आई घडाची विरळणी करते आहे असा एक फोटो होता, हातात छोटी कात्री, मान वर. आजींनी तो हातात घेतला आणि एकदम दोन बोटांनी हवेत कात्री चालवून दाखवली. मी चकितच झाले. मग त्यांनी सांगितले की वेस्टलँडच्या काचेच्या घरांत एके काळी द्राक्षेच द्राक्षे होती. त्यांच्या सासऱ्यांची बाग होती. लहान मुली आणि बायका शिडीवर चढून घडातले बारीक मणी कात्रीने काढत, मान आखडून जाई. घडाला हाताचा स्पर्श करायचा नाही, नाही तर मण्यावरची लव पुसली जाते. अगदी हेच वाक्य मी आईच्या तोंडून लहानपणापासून ऐकलेले! मग ती द्राक्षे गेली कुठे? दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि दक्षिणेकडच्या देशांची उन्हात वाढलेली स्वस्त द्राक्षे येऊ लागली. काचेखाली कोळसा जाळून वाढवलेल्या द्राक्षांना तो भाव परवडेना. वेली उपटल्या आणि टोमॅटो आले. "तुमच्यासारख्यांनीच आम्हाला घालवले," असे आजी हसत म्हणाल्या. त्यांनी मला सासऱ्यांची कात्री दाखवली. आईच्या कात्रीहून थोडी लांब, एवढाच फरक.

आता कंपन्यांकडे वळते. सप्टेंबरमधली पहिली भेट कंपनीची नव्हतीच, ती एका जुन्या बाजाराची होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या उत्तरेला ब्रूक ऑप लांगेडाइक नावाचे गाव आहे. तेथली शेती पूर्वी पाण्याने वेढलेल्या हजारो छोट्या तुकड्यांची होती. शेतात जायचे ते होडीने, माल आणायचा तोही होडीने. व्यापारी एकेका शेतकऱ्याला गाठून भाव पाडत. १८८७ साली एक मळेवाला फ्लॉवरने भरलेली होडी घेऊन आला. गिऱ्हाईक असलेले व्यापारी अनेक, आणि त्या दिवशी माल लिलावाने विकला गेला. त्यातून या देशातला शेतमालाचा लिलाव सुरू झाला असे मानतात. पुढे पाण्यावरच इमारत बांधली. होडी एका दारातून आत येई, व्यापाऱ्यांच्या बाकांसमोरून जाई आणि विकली जाऊन दुसऱ्या दाराने बाहेर पडे. आता तेथे संग्रहालय आहे, आणि पाहुण्यांना खरोखरीच्या भाजीवर बोली करू देतात.

या बोलीची रीत आपल्या उलट आहे. आपल्या लासलगावात भाव खालून वर चढतो. तेथे समोर एक मोठे घड्याळ असते, त्याचा काटा वरच्या भावापासून खाली घसरत येतो. जो पहिल्यांदा बटण दाबेल त्याचा माल. दुसरी संधी नाही. थांबावे तर माल दुसरा नेतो, घाई करावी तर महाग पडतो. मी फ्लॉवरच्या एका पेटीवर इतक्या लवकर बटण दाबले की सारा वर्ग हसला. त्या फ्लॉवरची भाजी आम्ही आठवडाभर खाल्ली, आणि आजींनी तिलाही नापासच केले.

त्याच रीतीचे आजचे रूप पाहायला फेब्रुवारीत पहाटे साडेचारला निघून आम्ही आल्समेरला गेलो. जगातला हा सर्वांत मोठा फुलबाजार. छप्पर सव्वाशे एकरांच्या वर. जगातल्या सर्वांत मोठ्या इमारतींमध्ये तिची गणना होते. वर पाहुण्यांसाठी एक लांब सज्जा आहे. तेथून खाली पाहिले की फुलांच्या गाड्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक धावताना दिसतात. व्हॅलेंटाइनचा दिवस जवळ होता, म्हणून जिकडे तिकडे लाल गुलाब. आपल्या तळेगाव-मावळातूनही या दिवसासाठी गुलाब युरोपात जातात, पण खाली दिसणारा ढीग मुख्यतः केनिया आणि इथिओपियाचा. माझ्या वर्गातली केनियाची मुलगी नैवाशा सरोवराजवळची. ती कठड्याला टेकून बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "माझी मावशी या पेंड्या बांधते. हे ती कधी पाहणार नाही."

खरेदीदार आता सभागृहात फारसे दिसत नाहीत. आपापल्या कार्यालयात पडद्यासमोर बसून ते बटण दाबतात. निम्म्याहून अधिक माल घड्याळावर न येता थेट सौद्यानेच जातो, असेही कळले. तरी बाजाराचा कल घड्याळावर दिसतो म्हणून सर्वांचे डोळे तिकडेच. काटा फारच खाली आला आणि कोणी घेतलेच नाही, तर त्या मालाला ते 'डोर्द्राई' म्हणतात, म्हणजे ज्याच्या पुढे घड्याळ फिरून गेले तो. ती फुले नष्ट करतात. पडत्या भावाला विकून उद्याचा बाजार बिघडवायचा नाही, हा त्यामागचा हिशेब. मला रस्त्यावर ओतलेले आपल्याकडचे टोमॅटो आठवले. फरक इतकाच की येथे ओतायचे की नाही हे कोणत्या भावाला ठरणार, ते आधीच लिहून ठेवलेले असते.

मी तेथे प्रश्न विचारला तो मालकीचा. हा एवढा कारखाना कोणाचा? उत्तर मिळाले, फूलउत्पादकांचा. ही सहकारी संस्था आहे. व्यापाऱ्यांच्या अडवणुकीला कंटाळून आल्समेरच्या फूलवाल्यांनी १९११-१२ च्या सुमारास दोन वेगवेगळे लिलाव सुरू केले. १९६८ मध्ये ते दोन्ही एक झाले, १९७२ मध्ये ही इमारत उभी राहिली आणि २००८ मध्ये दुसऱ्या मोठ्या फुलसंस्थेशी विलीनीकरण झाले. बाजार शेतकऱ्यांचा, म्हणून वजन, दर्जा, खर्च यांचा हिशेब त्यांच्याच सभेपुढे येतो. आपल्याकडेही बाजार समितीवर शेतकरी निवडून जातात. पण समितीचा वार्षिक हिशेब आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? मी तरी वाचला नव्हता, आणि मी व्यापार शिकायला सातासमुद्रापार गेले होते.

याच संदर्भात एक गोष्ट सांगून पुढे जाते. राबोबँक ही तेथली मोठी बँक मुळात खेड्यातल्या पतपेढ्यांची. १८९८ साली उट्रेख्त आणि आइंडहोवन येथे अशा पेढ्यांच्या दोन मध्यवर्ती संस्था निघाल्या आणि १९७२ मध्ये त्या एक झाल्या. कल्पना मूळ जर्मनीच्या रायफायझेन या गृहस्थांची. गावच्या लोकांनी एकमेकांच्या जबाबदारीवर कर्ज द्यायचे आणि फेडायचे. आपल्याकडे १९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्था सुरू झाल्या, त्यांच्यापुढेही हाच नमुना होता. म्हणजे आमच्या गावची विकास सोसायटी आणि काचेचा मनोरा बांधून बसलेली ती बँक एकाच आजोबांची नातवंडे. एकाने शहर गाठले, दुसऱ्याचे छप्पर अजून गळते.

सगळेच तेथे गोड आहे असे समजू नये. आजींचा भाऊ दुधाचा धंदा करतो. त्याच्या गोठ्यावर देशाचा झेंडा उलटा टांगलेला होता. गाईंच्या शेणामुतातून होणाऱ्या नायट्रोजनच्या प्रदूषणावरून जनावरे कमी करण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा २०१९ मध्ये शेतकरी हजारो ट्रॅक्टर घेऊन हेगवर गेले, आणि २०२२ मध्ये गावोगाव असे उलटे झेंडे लागले. मी गेले तेव्हाही त्याचा उतरला नव्हता. "आमच्या बापाने सरकारच्या सांगण्यावरून गोठा वाढवला, आता सरकारच म्हणते कमी कर," हे त्याचे गाऱ्हाणे. भाषा तेवढी परकी, बाकी गाऱ्हाणे मला ओळखीचे वाटले.

आता कागदाची हकीकत. आमची तीन एकर द्राक्षबाग. आबांनी २००८ पासून एका एकराचा माल निर्यातीला द्यायला सुरुवात केली होती. २०१० साली सहा टन थॉमसन एका निर्यातदारामार्फत गेली. किलोला ४२ रुपये सांगितले, हातात दहा रुपये उचल मिळाली, बाकी माल विकल्यावर. मी तेव्हा दहा वर्षांची होते. एप्रिलमध्ये बातमी आली की युरोपात आपल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईड, सापडले आणि माल अडकला. हे वाढ रोखणारे औषध. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडीत घड निर्माण व्हावा म्हणून सगळेच मारत. युरोपची तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत मिळून एक ग्रॅम. आपल्या प्रयोगशाळा ज्या औषधांची तपासणी करत त्या यादीत हे औषध तेव्हा नव्हतेच. माल येथून सर्व तपासण्या पास होऊन गेला आणि तेथे नापास ठरला. जिल्ह्यातल्या किती घरांत त्या वर्षी चूल मंदावली ते वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल.

आम्हाला ऑगस्टमध्ये पट्टी आली. इंग्रजीत, युरोमध्ये, आणि उणे. सगळा खर्च जाऊन उलट निर्यातदाराचेच आमच्याकडे १४,३०० रुपये निघत होते. औषधाच्या दुकानाची उधारी भागवायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या. १४,३०० रुपये पुढच्या वर्षीच्या मालातून कापून घेतले गेले. आबा कोणाशी भांडले नाहीत. त्यांनी तो कागद पेटीत ठेवला.

मार्च २०२४ मध्ये आमची भेट ठरली ती बारेन्द्रेख्तला. रॉटरडॅमजवळच्या या भागात फळांच्या आयातदारांची रांगच रांग आहे. वाटेत बंदर दाखवले. समुद्रात भराव घालून केलेल्या जमिनीवर कंटेनर उचलणाऱ्या चालकाविना गाड्या मुंगीसारख्या ओळीने फिरत होत्या. त्या वर्षी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले होत असल्याने न्हावाशेवाहून निघालेली जहाजे सुवेझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून येत होती, दीड-दोन आठवडे उशिराने. शून्य अंशाच्या आसपास ठेवली तरी द्राक्षे ती द्राक्षेच. प्रत्येक जादा दिवस देठावर तपकिरी उमटतो.

ज्या आयातदाराकडे गेलो त्याचा आमच्या २०१० च्या व्यवहाराशी काही संबंध नव्हता. थंड गोदामात लोकरीची टोपी घालून हिंडताना मला पेट्यांवर 'नाशिक' दिसले आणि घसा दाटला. अर्धा किलोच्या डब्यांत आपली द्राक्षे. प्रत्येक पेटीवरच्या क्रमांकावरून कोणत्या बागेची हे शोधता येते. २००६ नंतर आपल्याकडे 'ग्रेपनेट'मध्ये बागांची नोंदणी सुरू झाली त्याचे हे फळ. साठीचा एक व्यवस्थापक आम्हाला माहिती देत होता. जर्मनीतल्या काही मोठ्या दुकानसाखळ्या कायद्याने चालते त्याच्या एक-तृतीयांशच औषधाचा अंश चालवून घेतात, हे त्याच्याकडून कळले. दक्षिण आफ्रिकेचा माल ओसरतो आणि इजिप्तचा सुरू होतो, त्यामधली फट म्हणजे भारताचा हंगाम. ही फट उशिराच्या जहाजाने अरुंद होते.

माझ्या प्रश्नाची पाळी आली. मी विचारले, "माल भाव न ठरवता पाठवला, तर शेतकऱ्याला खर्चाची बिले पाहता येतात का?" तो म्हणाला, "मागितली तर देतो. मागत कोणीच नाही." सगळे चहाला गेल्यावर मी धीर करून झेरॉक्स काढली.

त्याने चष्मा लावला. पहिला प्रश्न त्याने मला विचारला. "तुझ्या वडिलांनी ते औषध मारले होते का?" आपल्याकडे असे कोणी विचारत नाही. मी खाली पाहिले, मग म्हटले, हो, सगळेच मारत होते. "ठीक. मग ती रक्कम गेलीच असती," तो म्हणाला, आणि बोट एकेका ओळीवरून सरकवू लागला. जहाजभाडे बरोबर. बंदराचा खर्च बरोबर. तपासणी, फेरपॅकिंग, सगळे त्या काळच्या दराने ठीक. 'इतर खर्च' अशी एक ओळ होती. तेथे तो थांबला आणि म्हणाला, "यामागे बिल असायला हवे. ते काय आहे मला सांगता येणार नाही." मग त्याचे बोट पुन्हा वर गेले. शीतगृहाचे भाडे दिवसाला १८ युरो, ५२ दिवसांचे. माल पोचल्याची तारीख २ एप्रिल. विकल्याची तारीख ९ मे. त्याने पेन्सिलने कागदाच्या कडेला ३७ लिहिले आणि माझ्याकडे पाहिले.

विकला गेलेला माल आणखी पंधरा दिवस गोदामात कसा होता? पंधरा दिवसांचे २७० युरो. त्या वर्षीचा युरो साठ रुपयांच्या आसपास धरला तर १६,२०० रुपये. म्हणजे आमची पट्टी उणे नव्हतीच. मी विचारले, ही चूक की लबाडी? तो म्हणाला, "चौदा वर्षांनी कोण सांगणार? त्या वेळी फोन केला असता तर दोन मिनिटांत कळले असते." त्याच्या बोलण्यात कीव नव्हती, म्हणून तेवढे लागले नाही.

मला लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तो कागद मी कॉलेजात असताना कितीदा वाचला होता. इंग्रजी शब्दांचे अर्थ शोधले होते, युरोचे रुपये केले होते. दोन तारखांमधले दिवस मात्र मोजले नव्हते. त्याला ना हॉलंड लागत होते, ना पदवी.

रात्री घरी फोन केला. आबा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तारखा तर मलाही वाचता येतात गं." मागून आईचा आवाज आला, "तिला विचारा, आपली द्राक्षं तिथं चाखली का? गोड होती का?" चाखली होती. व्यवस्थापकाने एक डबा हातात दिला होता. तो मी आजींकडे नेला. त्यांनी घड उजेडात धरला, मण्यांवर बोट फिरवले नाही, आणि म्हणाल्या, "विरळणी चांगली झाली आहे." त्यांच्या तोंडून आलेली ती पहिलीच स्तुती मी आईला जशीच्या तशी सांगितली.

परत आल्यावर मी जिल्ह्यातल्याच एका शेतकरी कंपनीच्या पॅकहाऊसमध्ये कामाला लागले. सीसीसी २०१० नंतर तपासणीच्या यादीत आले. पाटल्या २०१३ सालीच सुटल्या होत्या. जुन्या निर्यातदाराकडे आबा गेले नाहीत, तो धंदा त्याने केव्हाच बंद केला आहे. पण गेल्या हंगामात नव्या निर्यातदाराचा मुलगा माल ठरवायला आला, तेव्हा आबांनी त्याला चहा दिला आणि माझ्या शाळेतल्या एका जुन्या वहीचे पान पुढे केले. त्यावर पाच रकाने आखलेले होते. माल निघाल्याची तारीख, पोचल्याची, विकल्याची, भाडे कधीपर्यंत, आणि बिल मिळाले की नाही. मुलगा म्हणाला, "काका, आजवर हे कोणी मागितलं नाही." आबा म्हणाले, "मग आता मी मागतो." त्याने थोडे आढेवेढे घेतले आणि खाली सही केली. आईने त्याच्यापुढे पोह्यांची बशी सरकवली, दुसऱ्यांदा वाढली, आणि पान उचलून पेटीत ठेवले.